पापणी, अश्रू आणि 'डोळ्यातनं पाणी यायलंय': ऑप्टोमेट्रीच्या पोरापोरींचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडं चंदगडपर्यंतची ऑप्टोमेट्री म्हणजे डोळे तपासायचा कोर्स करणारी पोरं मला हे प्रश्न पाठवत असतात, बहुतेक परीक्षेच्या आदल्या रात्री आणि बहुतेक व्हॉइस नोटवर. दहावीपर्यंत मराठीत शिकायचं आणि मग एकदम इंग्लिश टेक्स्टबुक हातात, त्यामुळं पाठ असतं पण डोळ्यासमोर चित्र नसतं. तेच तेच प्रश्न एकत्र करून इथं ठेवलेत. एका उत्तरातलं दुसरीकडं परत लिहिलेलं नाही, नंबर दिलाय तिथं जाऊन बघा.

१. पापणीचे थर सांगा म्हटलं की मधेच अडकतो, सरळ क्रम काय?

अडकतोस कारण पुस्तकात एकच क्रम दिलेला असतो आणि पापणी सगळीकडं सारखी नसते. आधी विचार कर, कट कुठं घेतलाय. कडेजवळ घेतला तर कातडी, ऑर्बिक्युलॅरिस म्हणजे पापणी मिटणारा मसल, टार्सल प्लेट म्हणजे पापणीला ताठ ठेवणारी पट्टी आणि कंजंक्टिव्हा म्हणजे आतलं पातळ अस्तर, संपलं. टार्सल प्लेटच्या वर घेतला तर कातडी, ऑर्बिक्युलॅरिस, ऑर्बिटल सेप्टम म्हणजे डोळ्याच्या खोबणीपुढचा पडदा, त्यामागं फॅट, मग पापणी उचलणाऱ्या लेव्हेटर मसलचा पडदा म्हणजे अपोन्युरोसिस, त्याला मागनं चिकटलेला म्युलर मसल आणि शेवटी कंजंक्टिव्हा. व्हायव्हाला म्हणजे तोंडी परीक्षेला हे दोन्ही सांगितलंस की एक्झामिनर पुढचा प्रश्न विचारत नाहीत सहसा.

टार्सल प्लेट वरच्या पापणीत मधोमध १० ते १२ मिमी उंच, खालच्या पापणीत ४ ते ५ मिमी. म्हणून तर वरची पापणी पलटवली की टक्कन उलटते आणि तशीच राहते, खालची नुसती ओढावी लागते. आणि पापणीची कातडी अंगातली सगळ्यात पातळ, खाली चरबी नाही, टिश्यू सैल, म्हणून गांधीलमाशी चावली की तासाभरात अख्खा डोळा बंद. सूज बघून घाबरायचं की नाही ते प्रश्न १९ मध्ये.

२. ग्रे लाइन खरंच दिसते का, की नुसती पुस्तकात आहे?

दिसते की. स्लिट लॅम्पवर म्हणजे डोळे बघायच्या मायक्रोस्कोपवर पापणीची कड बघ, पुढं पापण्यांचे केस, मागं मायबोमियन ग्रंथींची तोंडं, त्या दोघांच्या मधली फिकट करडी रेघ ती. तिथं ऑर्बिक्युलॅरिसचा एक बारका भाग असतो, रिओलनचा मसल. सर्जन या रेघेवर पापणीचे दोन भाग करतात, पुढचा कातडी आणि मसलचा, मागचा टार्सल प्लेट आणि कंजंक्टिव्हाचा. पापणी फाटली तर टाके घालताना ही रेघ जुळली नाही तर कडेला खाच राहते.

३. मायबोमियन, झाइस, मोल यात कायम गोंधळ होतो.

मायबोमियन टार्सल प्लेटच्या आत असतात, तेल सोडतात, केसांशी त्यांचा संबंध नाही. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. झाइस पण तेलाच्याच पण केसाच्या मुळाला चिकटलेल्या. मोल म्हणजे बदललेल्या घामाच्या ग्रंथी, त्याही केसांजवळ. एवढं पक्कं असलं की रांजणवाडीचा प्रश्न (१३) आपोआप सुटतो. क्राउझ आणि वुल्फरिंग यात घुसडू नका, त्या पाणी करणाऱ्या छोट्या जादा अश्रुग्रंथी आहेत, कंजंक्टिव्हात.

४. पापणी उघडणारी नर्व्ह कुठली आणि मिटणारी कुठली? दर वेळी उलटं लिहून येतो.

उघडायला तिसरी, मिटायला सातवी. लेव्हेटरला तिसरी नर्व्ह, ऑर्बिक्युलॅरिसला सातवी म्हणजे फेशियल. वर म्युलर मसल आहे, त्याला सिम्पथेटिक, तो जेमतेम २ मिमी उचलतो. म्हणून हॉर्नर सिंड्रोममध्ये, म्हणजे ही सिम्पथेटिक नर्व्ह बिघडली की, टोसिस म्हणजे पापणी पडणं १-२ मिमीचंच असतं, आणि पूर्ण मिटलेली पापणी बघून कुणी हॉर्नर म्हणत असेल तर परत तपासायला सांगा. सेन्सेशन पाचव्या नर्व्हचं, वरची पापणी तिच्या पहिल्या फांदीकडं, खालची मुख्यतः दुसऱ्या फांदीकडं.

५. टिअर फिल्मचे थर तीन की दोन? सर एक सांगतात, पुस्तक दुसरं.

दोघंही बरोबर. टिअर फिल्म म्हणजे डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ पापुद्रा. जुनी मांडणी तीन थरांची: वर तेल, मधे पाणी, खाली म्यूसिन म्हणजे चिकट द्रव. आता असं मानतात की पाणी आणि म्यूसिन यांच्यात रेघ ओढता येत नाही, ते मिळून एक जेलसारखं आहे, डोळ्याच्या पृष्ठभागाजवळ म्यूसिन दाट आणि वर जाईल तसं विरळ, त्यावर तेल. परीक्षेत तीन थर लिहा आणि खाली एक ओळ ही टाका.

तेल मायबोमियनकडनं, पाणी लॅक्रिमल म्हणजे मुख्य अश्रुग्रंथीकडनं, म्यूसिन मुख्यतः कंजंक्टिव्हाच्या गॉब्लेट सेल्सकडनं. जाडी जेमतेम ३ मायक्रॉनच्या आसपास. एका डोळ्यात एका वेळी असणारं पाणी साधारण ७ मायक्रोलिटर, हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्याच प्रश्नात लागतो.

६. अश्रू नेमके कुठनं कुठं जातात, आणि ड्रॉप टाकला की घशात कडू का लागतं?

पापणीच्या आतल्या कोपऱ्याजवळ वर एक आणि खाली एक बारीक भोक, पंक्टम, जेमतेम ०.३ मिमीचं. तिथनं कॅनॅलिक्युलस ही बारीक नळी २ मिमी उभी जाते, मग वळून ८ मिमी आडवी. बहुतेक लोकांत वरचा खालचा एकत्र येऊन कॉमन कॅनॅलिक्युलस होतो आणि सॅकमध्ये म्हणजे नाकालगतच्या अश्रूंच्या पिशवीत उघडतो, तिथं रोझेनम्युलरची झडप. सॅकखाली नेझोलॅक्रिमल डक्ट म्हणजे नाकात जाणारी नळी, ती नाकातल्या खालच्या फटीत, इन्फीरियर मीएटसमध्ये उघडते, तोंडाशी हास्नरची झडप. नाकातनं मागं घसा, म्हणून कडू लागतं. पेशंट 'औषध पोटात गेलं काय ओ' म्हणून घाबरतात, तर गेलंच म्हणायचं थोडं.

पण हे पाणी नुसतं उतारानं वाहत नाही. पापणी मिटली की ऑर्बिक्युलॅरिस कॅनॅलिक्युलाय दाबतो, उघडली की परत ओढून घेतो, म्हणजे पापणी हाच पंप. मार्ग सताड उघडा असून पापणी सैल असली तरी पाणी गालावर, हे विसरलात तर प्रश्न ९ आणि १० दोन्ही चुकणार.

ड्रॉपचं गणित पण इथंच. बाटलीतला एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटर आणि डोळ्यातलं पाणी ७, त्यामुळं दोन थेंब टाकून दुप्पट फायदा होत नाही, दुसरा वाहूनच जातो. दोन वेगळी औषधं असतील तर मधे ५ मिनिटं. टिमोलॉल हे काचबिंदूचं औषध दिलेल्या पेशंटला आतला कोपरा बोटानं दाबून डोळा मिटून बसायला शिकवा, कारण नाकाच्या आतल्या त्वचेतनं औषध थेट रक्तात जातंय. मात्र दमा असेल तर दाबायला शिकवून भागत नाही, टिमोलॉल चालू आहे हे लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला.

७. डोळा कोरडा आहे म्हणता आणि पाणी तर घळाघळा यायलंय, हे कसं काय?

हा प्रश्न पोरंही विचारतात आणि पेशंटही. टिअर फिल्म लवकर फुटली की कॉर्निया म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच उघडी पडते, पाचवी नर्व्ह बोंबलते, आणि लॅक्रिमल ग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. ते पाणी पाणीच असतं, त्यात तेल म्यूसिनचं प्रमाण नसतं, त्यामुळं टिकत नाही, परत फुटते, परत पाणी. मोटरसायकलवर वाऱ्यात, मोबाइल बघताना, फाल्गुनातल्या कोरड्या हवेत जास्त होतंय का विचारा. निपाणीकडं तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या मावश्यांत, उद्यमबागेत फाउंड्रीच्या भट्टीपाशी उभं राहणाऱ्यांत ही तक्रार असते, तेव्हा कामाचं विचारल्याशिवाय कार्ड भरू नका.

८. आधी शर्मर की आधी टीबीयूटी?

शर्मर म्हणजे कागदाची पट्टी घालून अश्रू मोजणं, टीबीयूटी म्हणजे टिअर फिल्म फुटायला लागणारा वेळ. जे कमी छळतं ते आधी. लाइट टाकून नुसतं बघणं, टिअर मेनिस्कस म्हणजे पापणीच्या कडेला साचलेली पाण्याची रेघ, मग फ्लोरेसीन हा पिवळा रंग टाकून टीबीयूटी, मग स्टेनिंग म्हणजे रंग कुठं चढतो ते, आणि शर्मर शेवटी. कागद डोळ्यात घातला की रिफ्लेक्स पाणी येतं, त्यानंतरचा टीबीयूटी कचऱ्यात. पापणी दाबून तेल काढून बघायचं तेही टीबीयूटीनंतर. टीबीयूटी १० सेकंदांखाली म्हणजे गडबड, तीनदा घेऊन सरासरी, आणि पापणी बोटानं धरून ठेवायची नाही.

शर्मरची पट्टी ५ बाय ३५ मिमी, खालच्या पापणीच्या बाहेरच्या एक तृतीयांशात, ५ मिनिटं. सुन्न करणारा ड्रॉप न टाकता १० मिमीच्या वर ओली झाली तर ठीक, ५ किंवा त्याखाली तर नक्की कोरडा. ड्रॉप टाकून केली तर तसं कार्डावर लिहा, नाहीतर पुढच्याला कळायचं कसं.

९. 'डोळ्यातनं पाणी येतंय' एवढंच सांगणारा पेशंट. सुरुवात कुठनं करू?

माझं ऐकशील तर मशीनपासनं नाही. पाणी जास्त तयार व्हायलंय की बाहेर जायचा रस्ता अडलाय, हा एकच प्रश्न आहे, आणि त्याचं अर्धं उत्तर पेशंट खुर्चीत बसेपर्यंत मिळतं. रुमाल हातात आहे का, एकाच डोळ्याला आहे का, गालावर ओघळून कातडी काळवंडलीय का. एकाच डोळ्याला, घरात बसूनही, बारा महिने, मधनंमधनं चिकट घाण, तर रस्ता अडलाय. दोन्ही डोळ्यांना, वाऱ्यात उन्हात, खुपतंय टोचतंय, तर आधी प्रश्न ७.

मग टॉर्च घे. पापणी मिटायला सांग, पूर्ण मिटते का, पांढरं राहतंय का. खालची पापणी डोळ्याला टेकलेली आहे की सुटलीय. पंक्टम तुला पापणी न ओढता दिसत असेल तर ते बाहेर वळलंय, नॉर्मलला ते डोळ्याकडं तोंड करून असतं. आत वळलेला केस आहे का. खालची पापणी चिमटीत धरून पुढं ओढ, ८ मिमीपेक्षा जास्त सुटली किंवा सोडल्यावर डोळे मिचकावल्याशिवाय जागेवर येत नसली तर सैल आहे. आता बोट. नाकाच्या बाजूला सॅकवर दाब आणि पंक्टमकडं बघ, पू किंवा चिकट पाणी उलटं आलं तर रस्ता खाली अडलाय हे तिथंच सिद्ध, याचं जास्त प्रश्न १२ मध्ये. मात्र तिथं लाल, गरम, ठणकणारी सूज असेल तर दाबायचं नाही.

नंतर फ्लोरेसीन. दोन्ही डोळ्यांत टाक, ५ मिनिटांनी बघ, एका डोळ्यात पिवळं तसंच साचलंय तर त्या बाजूचा निचरा मंद. दोन्ही बाजू एकदम बघायची सवय लाव. आणि हे सगळं झाल्यावर सिरिंजिंगचं, म्हणजे पंक्टममधनं सिरिंजनं पाणी घालून रस्ता बघण्याचं, नाव काढ. पापणी न बघता 'सिरिंजिंग करा' लिहिलेली कार्डं माझ्याकडं येतात, आणि पंक्टम बाहेर वळलेलं लांबनं दिसत असतं.

१०. सिरिंजिंगचे रिझल्ट कसे वाचायचे?

खालच्या पंक्टममधनं पाणी घातलं असं धरू. घशात सहज आलं, रस्ता उघडा. त्याच पंक्टममधनं परत आलं आणि सुई मऊ जागी अडते, खालचा कॅनॅलिक्युलस बंद. वरच्या पंक्टममधनं स्वच्छ पाणी लगेच आलं, सुई अजून मऊ जागीच अडते, कॉमन कॅनॅलिक्युलस. सुई हाडाला टेकली, पाणी जरा थांबून वरनं आलं आणि सोबत चिकट घाण, तर सॅकच्या खाली, नेझोलॅक्रिमल डक्टमध्ये अडथळा.

घशात आलं तरी पेशंटचं पाणी थांबत नाही, तिथं पोरं गोंधळतात. सिरिंज जोर लावते, अश्रू जोर लावत नाहीत. अरुंद डक्टमधनं जोरानं पाणी जाईल पण रोजचे अश्रू जाणार नाहीत, किंवा पंपच बंद आहे (प्रश्न ६). सिरिंजिंग डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, हे वेगळं सांगायला नको.

११. तान्ह्या बाळाचा डोळा सारखा चिकटतो, आई मसाज विचारते. काय सांगू?

बहुतेक वेळा हास्नरच्या झडपेपाशी पडदा उघडलेला नसतो. वर्षाच्या आत १० पैकी ९ बाळांचा आपणहून उघडतो. मसाज म्हणजे डोळ्याभोवती गोल गोल चोळणं नव्हे, आज्या तेच करतात. नखं कापलेलं, धुतलेलं बोट डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात नाकालगत ठेवायचं, दाबायचं आणि दाब तसाच ठेवून खाली नाकपुडीकडं सरकवायचं. ५ ते १० वेळा, दिवसातनं ३-४ दा, पाजायच्या वेळेला जोडून दिलं की विसरत नाहीत. आईला करून दाखवायला लावा, नुसतं 'समजलं काय' विचारलं की होय म्हणतात. काजळ, अंगावरचं दूध, एरंडेल यातलं काही डोळ्यात नको, हे आईला नाही, सोबत आलेल्या आजीला सांगा. वर्ष झालं तरी थांबलं नाही तर प्रोबिंगसाठी, म्हणजे बारीक सळई घालून रस्ता मोकळा करायला, पाठवायचं.

आता हे मसाजचे पेशंट नाहीत ते ओळखा. उजेडाकडं बघत नाही, कॉर्निया मोठा किंवा धुरकट, सोबत पाणी: जन्मजात काचबिंदू असू शकतो, त्याच दिवशी पाठवा. पहिल्या महिन्यात लाल डोळा आणि भरपूर पू: तेही त्याच दिवशी. जन्मतःच आतल्या कोपऱ्याखाली निळसर गाठ: डॅक्रिओसील, बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो कारण तान्ही बाळं मुख्यतः नाकानंच श्वास घेतात.

१२. मोतीबिंदूच्या कॅम्पमध्ये सॅक दाबून का बघायची? मोतीबिंदूचा आणि नाकाचा काय संबंध?

सॅकमध्ये साचलेला पू पंक्टममधनं डोळ्यावर येत राहतो, आणि ऑपरेशनच्या दिवशी तो जखमेतनं आत गेला तर एंडॉफ्थॅल्मायटिस, म्हणजे डोळ्याच्या आत इन्फेक्शन, डोळाच जाऊ शकतो. गावातल्या कॅम्पला अडीचशे लोक रांगेत असतात, चहा थंड व्हायलाय, तरी प्रत्येक ऑपरेशनवाल्याची सॅक दाबायचीच. मध्यम वयाच्या बायकांत हा आजार जास्त, त्यांचा डक्टचा हाडातला मार्ग अरुंद असतो. जुनी पू असलेली सॅक असेल तर आधी डीसीआर, म्हणजे सॅकमधनं नाकात नवा रस्ता, मग मोतीबिंदू. हे ऑपरेशन टोटी या इटालियन डॉक्टरनं १९०४ साली मांडलं. पेशंट म्हणतील 'आधी दिसू दे की, पाण्याचं नंतर बघू', तिथं ऐकायचं नाही.

१३. रांजणवाडी आणि चॅलॅझियन, फरक एका ओळीत?

दुखते ती रांजणवाडी, दुखत नाही ते चॅलॅझियन. रांजणवाडी म्हणजे झाइस किंवा मोल ग्रंथीत बॅक्टेरियाचं इन्फेक्शन, केसाच्या मुळाशी पिवळं टोक. मायबोमियनमध्ये तसंच झालं तर ती आतली रांजणवाडी, जास्त ठणकते. चॅलॅझियनमध्ये मायबोमियनचं तोंड तुंबून तेल टिश्यूत उतरतं आणि त्याभोवती गाठ होते, जिवंत इन्फेक्शन नसतं. दोन्हीला गरम शेक, १० मिनिटं, दिवसातनं ३-४ दा. तळहातावर बोट घासून लावतात ती पण शेकच आहे, पण बोटं कुठली असतात ते बघा. पिळायची नाही.

एक गोष्ट लाल पेनानं. पन्नाशीच्या पुढं, त्याच जागी, काढून परत आलेलं चॅलॅझियन, तिथले केस गळालेत, किंवा एकाच डोळ्याचा न बरा होणारा ब्लेफरायटिस म्हणजे पापणीच्या कडेची सूज: सिबेशियस ग्लँड कार्सिनोमा, म्हणजे तेलग्रंथीचा कॅन्सर असू शकतो. परदेशी पुस्तकात तो दुर्मिळ लिहिलाय, आपल्याकडं पापणीच्या कॅन्सरमध्ये तो बराच दिसतो. बायोप्सी.

१४. पापणीला कोंडा झालाय म्हणतात तो ब्लेफरायटिसच ना?

होय, पण कोंडा कसा आहे बघा. कडक, ओढून काढला तर खाली रक्त: स्टॅफ बॅक्टेरिया. तेलकट मऊ, डोक्यातही कोंडा: सेबोऱ्हिक. केसाच्या बुडाला बारीक नळीसारखा पारदर्शक वेढा: डेमोडेक्स, हा किडा केसाच्या मुळाशी राहतो, त्याचा दुसरा भाऊ मायबोमियनमध्ये. वेढे दिसायला पेशंटला खाली बघायला सांगा, समोर बघताना हमखास निसटतात. पेशंटला आधीच सांगून टाका की हे महिनोन्महिने करायचं काम आहे, शेक, पापणीवर हलका दाब, कड पुसणं. नाहीतर आठवड्यात दुसऱ्या दुकानात जाऊन स्टेरॉइड ड्रॉप घेऊन येतात.

१५. टोसिस मोजताना काय काय लिहायचं?

एमआरडी १, म्हणजे कॉर्नियावरच्या टॉर्चच्या प्रतिबिंबापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत, नॉर्मल ४ ते ५ मिमी. नंतर लेव्हेटर फंक्शन: अंगठ्यानं भुवई दाबून धरायची, पूर्ण खाली बघून पूर्ण वर बघायला लावायचं, पापणी किती सरकली. १५ किंवा वर नॉर्मल, ४ किंवा खाली फारच कमी. भुवई न धरता मोजलेलं लेव्हेटर फंक्शन म्हणजे कपाळाचं फंक्शन. शिवाय पापणीची घडी किती उंचीवर, बेल्स फेनॉमेनन म्हणजे डोळा मिटताना बुबुळ वर जातं का, बाहुल्या, डोळ्यांची हालचाल.

जन्मजात की म्हातारपणचा हे खाली बघायला लावून कळतं. जन्मजात टोसिसमध्ये लेव्हेटर कडक, ना आखडतो ना सैल होतो, म्हणून खाली बघताना ती पापणी दुसरीपेक्षा वर राहते. म्हातारपणी पडदा सुटलेला असतो, मसल चांगला, घडी उंच गेलेली, आणि खाली बघताना ती पापणी अजूनच खाली. पोराची पापणी बाहुली झाकत असेल तर 'मोठा झाला की बघू' नाही, आळशी डोळा होतो.

आणि हो, पडलेली पापणी हातानं उचलून बघा. दुसरी लगेच खाली आली तर तिथंही टोसिस आहे, दोन्ही लेव्हेटरना मेंदू सारखाच जोर पाठवत होता म्हणून लपला होता.

१६. टोसिसमध्ये घाबरायचं कधी?

अचानक आला आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी, डोळा बाहेर आणि खाली गेलेला, डोकं दुखतंय: तिसरी नर्व्ह, मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा असू शकतो, गाडीत बसवा. टोसिस बारका, बाहुली लहान, आणि मान दुखतेय: हॉर्नर, मानेतली रक्तवाहिनी फाटलेली असू शकते, तीही तातडीच. सकाळी बरं, संध्याकाळी पापणी पडते, दोन दिसतात, बाहुली नॉर्मल: मायस्थेनिया, म्हणजे मसल लवकर थकण्याचा आजार. बर्फ पिशवीत घालून मिटलेल्या पापणीवर २ मिनिटं ठेवा, २ मिमी किंवा जास्त वर आली तर संशय पक्का. गिळायला, श्वासाला त्रास आहे का हे पण विचारा, तो असेल तर थांबायचं नाही.

१७. केस आत टोचतात ते सगळं ट्रायकायसिस म्हणायचं का?

नाही. पापणीची कड जागेवर आणि केस वाकडे, ते ट्रायकायसिस. कडच आत वळलीय, ते एन्ट्रोपियन. मायबोमियनच्या तोंडांतनं दुसरी रांग उगवलीय, ते डिस्टिकायसिस. खालच्या पापणीचं एन्ट्रोपियन बहुतेक वयाचं, वरच्या पापणीचं असेल तर पलटवून आत व्रण बघा, आडवी पांढरी रेघ दिसली तर जुना ट्रॅकोमा म्हणजे खुपऱ्या, तिला आर्ल्ट्स लाइन म्हणतात. भारतात ट्रॅकोमा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये जाहीर केलं, पण लहानपणी झालेल्या आज्यांचे व्रण काही जाहीर करून जात नाहीत, त्या येत राहणार. केस उपटून दिले की ४-६ आठवड्यांत परत येतात, तोडलेला आखूड केस तर जास्त टोचतो.

१८. तोंड वाकडं झालेल्या पेशंटचा डोळा कोरडा पडतो की पाणी येतं?

दोन्ही, आणि म्हणूनच हा प्रश्न विचारतात. सातव्या नर्व्हमधनंच लॅक्रिमल ग्रंथीचे पॅरासिम्पथेटिक धागे निघतात, जेनिक्युलेट गँगलियन या त्याच नर्व्हवरच्या गाठीपाशी ते वेगळे होतात. इजा त्याच्या आधी असेल तर अश्रूच कमी. इजा पुढं असेल तर ग्रंथी ठीक, पण ऑर्बिक्युलॅरिस लुळा, पंप बंद, खालची पापणी लोंबलेली, म्हणून पाणी गालावर आणि त्याच वेळी उघडा कॉर्निया सुकतोय. कापसाच्या टोकानं कॉर्नियाचं सेन्सेशन बघायला विसरू नका. डोळा मिटत नाही, सेन्सेशन नाही आणि बेल्स फेनॉमेनन पण नाही, असा डोळा दिवसांत खराब होतो. भुवयांचे केस विरळ, अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोग डोक्यात येऊ दे.

१९. पापणी लाल सुजलीय. घरी पाठवू की हॉस्पिटलला?

ऑर्बिटल सेप्टम ही सीमा. सूज पुढं असेल तर पापणी उघडून बघ, डोळा पांढरा, नजर नीट, सगळीकडं फिरतोय, दुखत नाही. सूज सेप्टमच्या मागं असेल तर डोळा पुढं आलेला, फिरवताना दुखतो किंवा फिरतच नाही, नजर किंवा रंग फिका, बाहुलीची प्रतिक्रिया मंद. यातलं एक जरी असलं तर तासाभरात हॉस्पिटल, मग ते बेळगाव असू दे की मिरज. लहान पोरात पुढचीच सूज वाटली तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायची. बाहेरच्या टोकाला सूज आणि पापणी आडव्या 'एस'सारखी वळलीय, तर लॅक्रिमल ग्रंथी. आतल्या कोपऱ्याखाली असेल तर सॅक, सिरिंजिंग करायचं नाही.

२०. डोळा लवतो, काही आजार आहे का?

खालच्या पापणीचा एक कोपरा फडफडतो, बाहेरनं दिसतही नाही, त्याला मायोकायमिया म्हणतात. झोप, चहा, परीक्षा, यातलं काहीतरी. डावा लवला की उजवा यावर शुभ अशुभ आई ठरवेल. पण दोन्ही डोळे जोरात मिटून उघडतच नसतील, किंवा डोळ्यासोबत त्याच बाजूचा गाल आणि तोंडाचा कोपरा ओढला जात असेल तर पाठवा.

२१. कचरा गेलाय म्हणतो, कॉर्नियावर तर काहीच नाही.

वरची पापणी पलटव. भाताच्या मळणीला तूस, ऊस तोडताना पाचोळ्याची कुसळं, फाउंड्रीत ग्राइंडिंगची कणी, हे वरच्या पापणीच्या आतल्या कडेपासनं २-३ मिमीवर एक बारीक खोबण असते तिथं बसतं. फ्लोरेसीन टाकलं की कॉर्नियावर उभे ओरखडे दिसतात, ते दिसले की पापणी न पलटवता उठायचंच नाही. ग्राइंडिंगवाला असेल तर डोळ्यात आत काही घुसलंय का हेही बघायला पाठवा, आणि तसा संशय असेल तर पापणीवर दाब नको. उसाच्या पानानं कॉर्निया खरचटला असेल तर स्टेरॉइड अजिबात नाही, बुरशी.

२२. पेशंट कन्नडच बोलतो, पापणीची तपासणी कशी करू?

चार वाक्यं पुरतात. कण्णु मुच्चरी, मिटा. कण्णु तेगीरी, उघडा. म्याल नोडरी, वर बघा. केळग नोडरी, खाली बघा. आणि 'कण्णाग नीर बरतावरी', म्हणजे डोळ्यातनं पाणी येतंय, ऐकू आलं की प्रश्न ९.

२३. जेवताना डोळ्यातनं पाणी, दूध पिताना पापणी वर उडते. दोन्ही एकच का?

वेगळे. फेशियल पाल्सीतनं (तोंड वाकडं होण्यातनं) बरं होताना लाळेचे धागे चुकून लॅक्रिमल ग्रंथीत गेले की खाताना पाणी येतं, क्रोकोडाइल टिअर्स. दुसरं मार्कस गन, जन्मजात: जबडा हलवणाऱ्या पाचव्या नर्व्हच्या फांदीचा लेव्हेटरशी चुकून जोड. टोसिस असलेलं बाळ तपासताना पाजायला लावून बघा, जबडा हलला की पापणी उचलते. आईनं ते आधीच बघितलेलं असतं, फक्त सांगत नाही, कुणीतरी विचारायला लागतंय.

२४. सॅकची सूज आहे पण नेहमीसारखी वाटत नाही. कशावरनं ओळखू?

नेहमीची सॅकची सूज आतल्या कोपऱ्यातल्या दोरीसारख्या लिगामेंटच्या खाली असते. गाठ त्या लिगामेंटच्या वर गेली असेल, कडक असेल, दाबून रिकामी होत नसेल, किंवा पंक्टममधनं रक्ताचं पाणी येत असेल तर सॅकमध्ये ट्यूमर असू शकतो. सिरिंजिंगला पाणी घशात गेलं तरी तो नाही असं होत नाही. असा पेशंट डीसीआरच्या यादीत टाकायचा नाही, आधी स्कॅन. कार्डावर गाठ लिगामेंटच्या वर की खाली हे चित्र काढून लिहा, डॉक्टर बाकी काही वाचो न वाचो, चित्र बघतात.